स्थैर्य : वीस गुण

“तिची आई बाहेर बसलीय. बोलावून घे,” शिरसीकर सर म्हणाले.

मी ऑफिसच्या दारातून बाहेर पाहिलं. कोर्टाच्या कडेला, भिंतीच्या वीतभर सावलीत एक बाई मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याची रिळं. बिड्या वळत होत्या आणि एकीकडे मान वर करून कोर्टाकडे बघत होत्या. बघताना हात थांबत नव्हता. बाकीचे पालक पायऱ्यांवर रुमालाने वारा घेत बसले होते. जूनचा पहिला आठवडा, सोलापूरचं ऊन, सकाळी अकरालाच सिमेंटच्या कोर्टावर अनवाणी पाय ठेवणं अशक्य झालं होतं.

ही दोन हजार सहाची गोष्ट. दहावी झालेल्या मुलींमधून बास्केटबॉलसाठी चौघींना निवडायचं होतं. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजची ही खेळाडूंसाठीची योजना. अकरावीपासून पदवीपर्यंत पाच वर्षांची फी माफ, हॉस्टेल फुकट, सकाळी दूध-अंडी. जिल्ह्याभरातून चौतीस मुली आल्या होत्या. निवड समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष शिरसीकर सर. पंचवीस वर्षं ते या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. दुसरे अस्लम नदाफ, रेल्वेत नोकरीला, स्वतः राज्यपातळीवर खेळलेले, आता पंच म्हणून उभे राहणारे. बोलायला कमी. आणि तिसरी मी, शैलजा कलशेट्टी, एका माध्यमिक शाळेत खेळाची शिक्षिका. मला त्या वर्षी पहिल्यांदाच बोलावलं होतं. सरांनी स्वतः फोन केला होता. म्हणाले, “मुलींची निवड आहे, एक बाई असलेली बरी दिसते.”

बोलावणं तसं असलं तरी मी हरखले होते. कारण शिरसीकर सर माझे सर. म्हणजे मी त्यांच्या कॉलेजात कधी शिकले नाही. पण सोळाव्या वर्षी याच कोर्टावर, याच निवडीला मी आले होते.

आई आत आल्या. सूप बाहेर ठेवून, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“नागमणी यमूल तुमचीच का?” सरांनी विचारलं.

“व्हय सर. थोरली.”

“मालक काय करतात?”

“लूमवर हायत. टॉवेलच्या.”

“पाच वर्षं हॉस्टेलला ठेवाल मुलीला?”

“तुमी ठेवतो म्हणला तर ठिवायचं की. खायला मिळतंय म्हणं.”

“आणि लग्नाचं?”

त्या हसल्या. “करायचं की सर. पोरीला काय घरात ठिवून घ्यायचंय? आधी हिचं, मग धाकटीचं. चांगलं ठिकाण आलं की करायचं.”

“बरं, या.”

त्या गेल्या. सरांनी समोरच्या तक्त्यात नागमणीच्या नावापुढे, अगदी शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

मी तो रकाना तोवर नीट पाहिलाच नव्हता. सकाळी सहापासून आम्ही तिघं वेगवेगळ्या कागदांवर मुलींना गुण देत होतो. ड्रिबलिंग, पासिंग, शूटिंग, बचाव, उंची, दम आणि खेळाची समज, असे सात रकाने, एकूण शंभर गुण. तिघांची सरासरी सर मोठ्या तक्त्यावर उतरवत होते. त्या तक्त्याला आठवा रकाना होता. वर लिहिलं होतं ‘स्थैर्य’. गुण वीस. तो सर एकटेच भरत होते.

मला वाटलं होतं, स्थैर्य म्हणजे पायांचं. उडी मारून खाली आल्यावर तोल राखणं वगैरे.

नागमणीला त्यात दोन मिळाले होते.

त्या मुलीबद्दल सांगायला हवं. उंची पाच फूट दोन. अंगावर भावाचा वाटावा असा ढगळ टीशर्ट, पायांत कापडी बूट, एकाची नाडी सुतळीची. सकाळी रांगेत उभी होती तेव्हा मी तिला मनातल्या मनात खालच्या दहांत टाकून दिलं होतं. मग आम्ही पाच-पाच जणींचे सामने लावले आणि पहिल्याच मिनिटाला तिने चेंडू अशा जागी फेकला, जिथे कुणीच नव्हतं. मी ‘चुकली’ असं म्हणेपर्यंत तिथे तिच्या संघातली एक उंच मुलगी पोचली होती. त्या उंच मुलीलाही कळलं नव्हतं आपण तिथे का पळतोय ते. नागमणीने तिला नुसतं हाताने ढकलल्यासारखं केलं होतं: जा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा नदाफांनी शिट्टी तोंडातून काढली आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्या सामन्यात तिने स्वतः फक्त सहा गुण केले, पण बाकीच्या चौघींनी मिळून सव्वीस. त्या चौघी आयुष्यात पहिल्यांदा एकत्र खेळत होत्या.

सामना संपल्यावर सरांनी तिला जवळ बोलावलं होतं. “घरी लग्नाचं बघतायत का तुझ्या?”

ती धापा टाकत होती. कपाळावरचा घाम बाहीने पुसून तिने विचारलं, “ते खेळात येतं का सर?”

सर हसले. मला वाटलं, गंमत म्हणून विचारलं असेल.

आता तक्ता समोर होता. शंभरपैकी नागमणीला अठ्ठ्याऐंशी, सगळ्यांत जास्त. तिच्यानंतरची एक्क्याऐंशीवर. पण स्थैर्याचे दोन मिळवून तिचे नव्वद झाले आणि तिच्या मागच्या चौघी सोळा, सतरा, अठरा असे घेऊन तिच्या पुढे गेल्या. चौथ्या जागेवर राजश्री म्हणून एक मुलगी होती. कोर्टावर चौऱ्याहत्तर, स्थैर्य अठरा, बेरीज ब्याण्णव. नागमणी पाचवी. जागा चार.

“सर, हा रकाना कशाचा?”

“टिकाऊपणाचा. मुलगी पाच वर्षं टिकेल का नाही.” त्यांनी समजावून सांगायच्या सुरात म्हटलं. “आपण एकेकीवर खर्च करतो शैलजा. हॉस्टेल, प्रवास, किट. दोन वर्षांत लग्न करून गेली की सगळं पाण्यात. एखाद्या लायक मुलीची जागा अडून बसते ती वेगळीच. म्हणून पालकांशी बोलून मी अंदाज घेतो.”

“राजश्रीच्या घरच्यांनी काय सांगितलं?”

“आम्हाला मुलीला शिकवायचंय म्हणाले. वडील बँकेत आहेत.”

“आणि नागमणीच्या आईने खरं सांगितलं.”

“खरं सांगितलं म्हणून तर कळलं ना.”

टेबलावर आदल्या दिवशीच्या मुलांच्या निवडीचा तक्ता पडला होता. मी तो ओढून घेतला. सात रकाने. शंभर गुण. आठवा रकाना नव्हता.

“मुलांना नाही?”

“मुलं कुठे लग्न करून जातात?”

“मागच्या वर्षीचा तो सेंटरला खेळणारा मुलगा सहा महिन्यांत दुबईला गेला ना? तुम्हीच सांगत होतात.”

“एखादा जातो.” सरांनी तक्ता आपल्याकडे ओढला. “हे बघ, मी काही मुलींच्या विरुद्ध नाही. या शहरात मुलींचा संघ मी उभा केला. लोक मला हसत होते तेव्हा केला. पण मला मुली ओळखता येतात. एवढ्या वर्षांत माझा अंदाज चुकलेला नाही. तुझंच घे की.”

“माझं काय?”

“त्र्याऐंशी साली तू पहिली होतीस.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“कुठे पहिली?”

“निवडीत. तेव्हा हा रकाना नव्हता, मी आपला मनाने ठरवायचो. खेळात तू सगळ्यांच्या पुढे होतीस, बऱ्याच पुढे. पण तुझे वडील इथंच, याच खुर्चीवर बसले होते. धोतर-टोपी. मी विचारलं, स्थळं येतायत का? म्हणाले, येतायत की, एक नजरेतही आहे. म्हटलं, संपलं. तुला सहावी केली.” सर मोकळेपणाने हसले. “आणि झालं का नाही दोन वर्षांत लग्न? अठराव्या वर्षी झालं ना तुझं?”

“तुम्ही तर सांगितलं होतं, माझा डावा हात कच्चा आहे.”

“असं सांगितलं होतं का? असेल. काहीतरी सांगावं लागतं गं. वडिलांना वाईट वाटू नये म्हणून.”

नदाफ खिडकीपाशी उभे होते. ते मागे वळले नाहीत, पण त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच थांबला होता.

माझं घर मंद्रूपला. मावशीकडे राहून मी सोलापुरात दहावीपर्यंत शाळा केली आणि तिथेच बास्केटबॉल शिकले. दहावीनंतर मावशीला मला ठेवून घेणं शक्य नव्हतं. जागा मिळाली तरच पुढचं शिक्षण, नाहीतर घरी, हे ठरलेलं होतं. निवडीला येताना एसटीत माझे वडील, अप्पा, मला म्हणाले होते, “सीट मिळाली तर शीक. पाच वर्षं कुणाला दारात उभं करत नाही.” परतताना मंद्रूपच्या स्टँडवर उतरलो. अप्पा एवढंच म्हणाले, “डावा हात कच्चा म्हणाले सर.”

त्यानंतरची दोन वर्षं मी घरामागच्या भिंतीवर डाव्या हाताने चेंडू मारत होते. लग्न होऊन सोलापुरात आले, दोन मुलं झाली. तिशीत, नवऱ्याने पाठीशी उभं राहून मला खेळाच्या शिक्षणाची पदवी घ्यायला लावली, तेव्हा तिथल्या सरांनी विचारलं, तुम्ही जन्मापासून डावऱ्या का? मी खूश झाले होते. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

“सर,” मी म्हटलं. “लग्न ठरलं होतं म्हणून जागा गेली नाही. जागा गेली म्हणून लग्न झालं.”

“आता त्याला वीस-बावीस वर्षं झाली, शैलजा.”

“तेवीस.”

“बरं, तेवीस. संसार चांगला झाला ना? नोकरी आहे, मुलं आहेत. मग?” त्यांनी तक्त्याखाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. “इथे सही कर. बारा वाजलेत, बाहेर लोक उन्हात बसलेत.”

मी तक्ता उचलला, आणि सही न करता दारातून बाहेर पडले.

“शैलजा! बस खाली!” मागून सरांचा आवाज आला. ते मला सोळा वर्षांची असल्यासारखं ओरडले. माझे पाय क्षणभर खरंच थांबले होते.

पायऱ्यांवरचे पालक उभे राहिले. निकाल लागला असं त्यांना वाटलं. मुली कोर्टाच्या मध्यभागी गोळा झाल्या. मी रिंगखाली उभी राहिले आणि शाळेच्या मैदानावर ओरडायची सवय आहे त्या आवाजात म्हटलं, “गुण वाचून दाखवते. सगळ्यांचे. हे फक्त खेळाचे आहेत, शंभरपैकी.”

मी वाचत गेले. नागमणी यमूल, अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर. राजश्री, चौऱ्याहत्तर. तशीच खाली उतरत चौतिसावीपर्यंत. कुणी रडलं नाही. शेवटच्या मुलीला एकतीस होते, ती म्हणाली, “मॅडम, दममध्ये किती?” मी सांगितले. ती म्हणाली, “बरोबर आहे.”

“आता हा आठवा रकाना,” मी म्हटलं. “याचं नाव स्थैर्य. गुण वीस. हे गुण खेळाचे नाहीत. मुलीचं लग्न लवकर होईल की उशिरा, याचा अंदाज बांधून दिलेले आहेत. मुलांच्या तक्त्यात हा रकाना नाही. हे गुण मिळवले तर यादी बदलते.”

एक गृहस्थ पुढे आले. “म्हणजे मघाशी आम्हाला आत बोलावून विचारलं ते यासाठी?”

“हो.”

“आम्हाला वाटलं फॉर्ममध्ये भरायचंय.”

“आमच्या पोरीला किती दिले?” कुणीतरी मागून ओरडलं. मग सगळेच बोलायला लागले. सर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “हे समितीचं अंतर्गत काम आहे,” ते म्हणाले. “या बाईंना नियम माहीत नाहीत. यादी अध्यक्षाच्या सहीने लागते.”

“तिघांच्या सहीने लागते,” नदाफ म्हणाले. ते कधी बाहेर आले ते मला कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला तक्ता घेतला, शर्टच्या खिशातून पेन काढलं, आठव्या रकान्यावर वरून खालपर्यंत एक उभी रेघ मारली आणि खाली सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. “सरांची धरून दोन झाल्या.”

मी सही केली. कागद तळहातावरच धरला होता. सही माझी वाटत नाही, अजूनही तो कागद कुठे असेल तर बघावा.

त्या गोंधळात राजश्रीचे वडील माझ्याजवळ आले. इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. “मॅडम, तुम्ही मोठ्या न्यायाचं बोललात,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण माझी मुलगी आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत आत होती. आम्ही खोटं बोललो नव्हतो. आम्हाला खरंच तिला शिकवायचंय. तिचा काय दोष?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“मग?”

“ती पाचवी आली.”

ते मुलीचा हात धरून निघून गेले. राजश्री मान वळवून रिंगकडे बघत चालली होती. ते मी विसरलेले नाही. पण त्या दिवशीचं माझं उत्तर आजही तेच आहे.

नागमणीची आई भिंतीपाशीच होत्या. मी गेले तेव्हा सूप आवरत होत्या.

“मी कायतरी चुकीचं बोलले का बाई आत?” त्यांनी विचारलं.

“नाही. तुम्ही खरं बोललात.”

“मग पोरगीचं नंबर लागलं का?”

“लागला. पहिला.”

“पहिलं तर ते हायच,” त्या म्हणाल्या आणि सूप काखेत मारून उठल्या.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. चारचौघांत तमाशा केल्याबद्दल लेखी दिलगिरी मागितली. मी दिली नाही. त्यांनी शाळेला पत्र पाठवायची धमकी दिली. पाठवलं की नाही माहीत नाही. पण यादी तीन सह्यांची आणि चौतीस पालकांच्या कानांवर पडलेली होती. ती बदलली नाही.

नागमणी हॉस्टेलला आली. पहिल्या वर्षी तिच्या संघाने विभागीय स्पर्धेत चार सामने जिंकले आणि अंतिम सामना दोन गुणांनी हरला. मी रजा टाकून बघायला गेले होते. सर बाकावर बसून तिला सूचना देत होते आणि ती त्या ऐकत नव्हती, आणि ते बरोबरच होतं. मुख्य म्हणजे सरांनाही ते कळत होतं. एकदा तिने पाठीमागे न बघता चेंडू मागे टाकला आणि बास्केट झाली, तेव्हा ते जागेवरून उठून टाळ्या वाजवत होते. मी पाहिलं त्यांना.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली ती परत आली नाही. भिवंडीचं स्थळ आलं होतं, मुलाचे स्वतःचे चार लूम होते. डिसेंबरात लग्न. मला पत्रिका आली, अर्धी तेलुगूत, अर्धी मराठीत. मी गेले. ती हिरव्या शालूत बसली होती. मला बघून तिने मान खाली घातली. मी तिची हनुवटी धरून वर केली.

“मॅडम, मी सांगितलं होतं घरी, अजून दोन वर्षं थांबा म्हणून,” ती म्हणाली. “नाही थांबले.”

“किती सामने खेळलीस?”

“एकोणीस.” तिला विचार करावा लागला नाही.

“मान खाली घालू नकोस मग.”

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. निवडीनंतर पहिल्यांदाच.

“कळलं का नागमणीचं?”

“हो. लग्नाला गेले होते मी.”

“मग? काय म्हणत होतो मी?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट थोडं समाधान होतं, आणि थोडी कीव. “दीड वर्षात गेली. साडेतीन वर्षांची जागा वाया गेली, शैलजा.”

“सर, माझी पाचही गेली होती.”

पलीकडे सर खाकरले.

“आणि ती पहिली होती,” मी म्हटलं. “उद्या पुन्हा निवड असती, तिची आई पुन्हा तेच बोलली असती, आणि पुढे काय होणार हे मला आज माहीत आहे तसं माहीत असतं, तरी मी तिला पहिलीच लिहिलं असतं. दीड वर्ष तिचं होतं. ते तुम्ही देत नव्हता.”

“तुला समजावण्यात अर्थ नाही,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढच्या जूनमध्ये मला समितीवर बोलावणं आलं नाही. त्याआधीच्या जूनमध्येही आलं नव्हतं आणि मी घरी बसले होते. या वेळी निवडीची तारीख नदाफांकडून काढली, सकाळी पावणेसहाला डबा भरून ठेवला आणि गेले. सर्वांत वरच्या पायरीवर बसले, जिथून दोन्ही रिंग दिसतात. आलेल्या मुलींची नावं गेटवर एकेकीला विचारून वहीत लिहिली होती. एकोणचाळीस जणी. पानावर रकाने आखले. सात.

सरांनी मला खालून पाहिलं. मग ते पायऱ्या चढून वर आले. वय झालं होतं. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी श्वास घेतला.

“तुला कुणी बोलावलंय?”

“नाही.”

“मग इथे काय करतेस?”

“निवड बघतेय. माझी यादी मी संध्याकाळी गेटबाहेर लावणार आहे. तुमची आत लागेल. लोक दोन्ही वाचतील.”

“असं करता येत नाही.”

“गेटबाहेरचा रस्ता कॉलेजचा नाही सर.”

खाली मुली वॉर्मअप संपवून रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. नदाफ शिट्टी हातात घेऊन थांबले होते.

“त्या खोळंबल्यात,” मी म्हटलं आणि पेनाचं टोपण काढलं. “तुम्ही सुरू करा.”